परसातील लाकडाचा हिशेब

मराठी माणूस आपला मुलूख सोडून जेथे जेथे स्थायिक झाला, तेथे तेथे बाजारातल्या जिनसांची नावे त्याने शेजाऱ्यांकडून घेतली. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत लाकडाच्या वखारीला ‘टाल’ म्हणतात. बडोद्याकडच्या घरांत सरपणाला ‘बळतण’ हा गुजराती शब्द सहज येतो, आणि बेळगावच्या बाजारात ‘कट्टिगे’ कानी पडते. परंतु जे लाकूड विकत आणावे लागत नव्हते, घरामागच्या परसातच मिळत होते, त्याचे शब्द मात्र आमच्या ऐकण्यात शुद्ध मराठी राहिले: काटकी, ढलपी, फाटा, चिपाड, पेटवण. बाजाराचे शब्द पुरुषांच्या व्यवहारातून घरात आले आणि परसाचे शब्द बायकांच्या तोंडी टिकले, असे आम्हांस वाटते. या लेखात त्या परसातल्या लाकडाचा, त्यातही ज्याला आपण ‘पोचट’ म्हणून हिणवत आलो त्या मऊ लाकडाचा, थोडा हिशेब मांडावयाचा आहे.

प्रथम परिभाषा स्पष्ट केलेली बरी. वनस्पतिशास्त्रात मृदुकाष्ठ म्हणजे देवदार-चीड यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे लाकूड. आपल्या घरगुती भाषेत मात्र मऊ लाकूड म्हणजे नखाने खरवडले जाणारे, हलके, चटकन पेटणारे आणि चटकन विझणारे लाकूड. शेवगा, हादगा, पांगारा, शेवरी, सावर, पांढरा चाफा, एरंड ही सारी या कुळातली. त्यांच्या उलट बाभूळ, खैर, धावडा आणि चिंच. अशा लाकडाचा निखारा टिकतो, म्हणून ‘खरे’ सरपण तेच, असा आपल्याकडे रूढ समज होता. तो समज खोटा नव्हता, पण अपुरा होता.

जळणाचा प्रश्न हा केवळ स्वयंपाकघराचा नाही, राज्यकारभाराचाही आहे, ही जाणीव मराठी राज्याच्या उदयकाळापासून दिसते. राज्याभिषेकापूर्वी शिवछत्रपतींनी चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणागोटा बेजबाबदारपणे संपवून मग सैनिकांनी कुणब्यांच्या घरचे धान्य, भाकर, गवत, भाजी उचलण्यास सुरुवात करू नये, अशी ताकीद त्यात आहे. ज्या वस्तू रयतेकडून जबरीने घ्यावयाच्या नाहीत, त्यांच्या यादीत जळाऊ फाटेही आहेत. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नयेत, दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेऊन आग लागू नये, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. रयतेच्या चुलीचे फाटे ही राजाने जपावयाची वस्तू आहे, हा त्यातला भाव विसरण्यासारखा नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हाच विचार झाडांच्या बाबतीत अधिक नेमकेपणाने मांडला गेला. आरमारासाठी लाकूड हवे, ते राज्यातील अरण्यांतून परवानगीने तोडावे आणि कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाची झाडेही कामाची आहेत, पण त्यांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मगच तोडावे, जबरदस्ती सर्वथा करू नये. झाडाच्या उपयोगापेक्षा ते वाढविण्यात गेलेला काळ आणि कष्ट यांना येथे मोल दिले आहे. परसातल्या लाकडाचा हिशेब करताना हीच दृष्टी आपल्याला कामी येईल.

अठराव्या शतकात मराठी फौजांच्या मागोमाग कारकून, दरकदार, वैद्य, भिक्षुक आणि व्यापारी माळव्यात व गुजरातेत आले. १८१८ मधल्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली आणि मराठी वस्तीही येथे घट्ट झाली. या मंडळींनी बांधलेल्या वाड्यांची रचना देशावरचीच होती: दर्शनी ओसरी, मधला चौक, विहीर आणि मागे परस. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळी, कुंपणालगत शेवगा आणि हादगा, पूजेसाठी पारिजातक, जास्वंद, चाफा. ही झाडे सरपणासाठी कोणी लावली नव्हती. शेवगा शेंगांसाठी, हादगा फुलांच्या भाजीसाठी, चाफा देवासाठी. मूळ देशात पानमळ्यांतून शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा ही झाडे नागवेलीला आधार म्हणून लावीत आणि वेळोवेळी छाटीत. छाटणीतून जळण निघते, हे ज्ञान तेव्हापासूनचे. शेवगा दर वर्षी छाटला नाही तर उंच जातो, शेंगा हाताला येत नाहीत आणि त्याची ठिसूळ फांदी वावटळीत कडाडून मोडते. म्हणजे झाड नीट ठेवावयाचे तर छाटणी अटळ, आणि छाटणी झाली की लाकडाचे काय करावयाचे हा प्रश्नही अटळ.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला. १८६४ मध्ये इंग्रज सरकारने वनखाते स्थापिले आणि १८७८ च्या वनकायद्याने मोठमोठी अरण्ये राखीव केली. गावकऱ्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा जळण-चाऱ्याचा वहिवाटीचा हक्क अनेक ठिकाणी सरकारी सवलत बनला, आणि सवलत काढून घेता येते. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्याने डोंगर आणि कुरणे बळकावल्याची तक्रार तळतळून केली आहे. १८९३ च्या अहवालात जॉन ऑगस्टस व्होल्कर या कृषिरसायनतज्ज्ञाने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली. लाकूड मिळत नाही म्हणून शेतकरी शेण जाळतो, आणि शेण जळले की शेताचे खत जळते. म्हणून गावोगाव जळण-चाऱ्यासाठी राखीव वने लावावीत, अशी शिफारस त्याने केली. शेतकरी अडाणी आहे म्हणून शेण जाळीत नाही, त्याच्याजवळ लाकूड नाही म्हणून जाळतो, हे एका सरकारी तज्ज्ञाने लिहून ठेवले, याचे महत्त्व आम्ही शासकीय सेवेत दिवस काढलेल्यांनी अधिक ओळखावे.

हाच धागा पुढे थेट आमच्या इंदूरशी येऊन जुळतो. १९२४ मध्ये येथे वनस्पतिउद्योग संस्था सुरू झाली. त्या जागी पुढे कृषी महाविद्यालय आले. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंत येथे राहून कंपोस्ट खताची जी पद्धत सिद्ध केली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीच्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे, ही गोष्ट मराठी वाचकांस फारशी माहीत नाही. या पद्धतीत पालापाचोळा, तण, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचीत, ते ओले ठेवीत, उलथवीत, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या असे कठीण पदार्थ आधी गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चुरडून घेत. यातून घरगुती व्यवहाराला एक सरळ नियम मिळतो. कोवळे आणि पाल्याचे ते कुजवावे, काष्ठ झालेले ते जाळावे, त्याची राख पुन्हा खतात घालावी, आणि शेण कदापि जाळू नये. परसातली एक वाळलेली फांदी चुलीत गेली की तिच्या मोबदल्यात एक गोवरी शेतात जाऊ शकते, हा या हिशेबाचा गाभा. पोचट लाकडाची खरी किंमत अशी त्याच्या ज्वाळेत नाही, वाचलेल्या शेणात आहे.

आता त्या लाकडाच्या जळण्याकडे वळू. पूर्ण वाळलेले लाकूड कुठल्याही झाडाचे असो, एका किलोमागे त्यातून मिळणारी उष्णता साधारण सारखीच असते; ती साडेचार हजार किलोकॅलरींच्या आसपास धरता येईल. फरक आहे तो घनतेत. एक घनमीटर वाळलेली बाभूळ सुमारे ७५० ते ८०० किलो भरेल, तर तेवढाच पांगारा ३०० किलोंच्या आसपास. म्हणजे बाभळीची एक कवळी जे काम करील, त्यासाठी पांगाऱ्याच्या अडीच कवळ्या लागतील. वजनावर तोलले तर पांगारा बाभळीहून हीन नाही. तो जागा अधिक अडवितो, भरभर संपतो आणि सतत लक्ष मागतो, एवढेच.

दुसरा मुद्दा ओलाव्याचा. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असते, शेवग्यासारख्या रसाळ झाडात त्याहूनही अधिक. एक लिटर पाण्याला आधण येण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. ओले लाकूड पेटविले की आग आधी स्वतःचेच पाणी उकळीत बसते. ती थंड पडते, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि त्यांचा धूर होतो. टालीवर मणाचे चाळीस शेर मोजून ओले लाकूड घेणारा गिऱ्हाईक अर्धा मण पाणीच विकत घेत असे. जाणत्या घरांत म्हणून लाकूड होळीच्या आसपास भरून उन्हाळाभर वाळवीत आणि मृगापूर्वी पडवीत किंवा माळ्यावर रचीत. मऊ लाकडाचा येथे एक गुण होता: पातळ फोडले तर ते कठीण लाकडापेक्षा लवकर वाळते. अवगुण असा की पावसाची झड लागली तर तितक्याच लवकर ओलावा धरते, बुरशी येते, वाळवी लागते.

या गुणावगुणांप्रमाणे घरात कामांची वाटणी झालेली असे. पुरण शिजविणे, दूध आटविणे, भाकरी भाजणे ही कामे निखाऱ्याची, म्हणून तेथे बाभूळ. पहाटे चूल पेटविताना हादग्याच्या किंवा शेवरीच्या वाळक्या काटक्या. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला मात्र मऊ लाकडाच्या ढलप्यांसारखे जळण नाही: नळीत वरून टाकल्या की भडकून पेटतात, पाणी झटपट तापते आणि निखारा मागे उरला नाही तरी बिघडत नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला घरातली दहा-पंधरा माणसे पहाटेच्या अंधारात न्हाऊन निघत, ती बहुधा परसातल्या पोचट लाकडावर. गोवे-कोकणात हेच काम माडाची चुडते, सोडणे आणि करवंट्या करीत. काय जाळू नये याचेही ज्ञान होते. कण्हेरीचा धूर विषारी म्हणून ती चुलीजवळ येऊ देत नसत. कडुनिंबाच्या धुराने अन्नास कडवटपणा येतो असा समज होता. वड आणि पिंपळ धर्मभावनेने वर्ज्य होते. गंमत अशी की पिंपळ आणि औदुंबर चुलीत चालत नसत, पण नवग्रहांच्या हवनात अनुक्रमे गुरू आणि शुक्र यांच्या समिधा म्हणून त्यांना मानाचे स्थान होते. आग एकच, पण कोणत्या आगीत कोणते काष्ठ, याचा विवेक होता. आणि शेवटी उरलेली राख भांडी घासण्यास, बियाण्यात मिसळण्यास, अळूच्या बुडाशी घालण्यास. काही वाया जात नसे.

येथपर्यंत लिहिले की गतकाळाचे गोड चित्र तयार होते, आणि असे चित्र काढून थांबण्याचा मोह आमच्या पिढीला फार होतो. परंतु हिशेबाची वही उघडली आहे तर खर्चाची बाजूही वाचली पाहिजे. मऊ लाकूड स्वस्त होते, कारण त्याची किंमत पैशाने दिली जात नव्हती. ती वेळाने दिली जात होती. फांदी खांडणे, काटक्या मोडणे, उन्हात घालणे, आभाळ भरून आले की धावत जाऊन उचलणे, चुलीत दर काही मिनिटांनी नवी ढलपी सारणे, फुंकणीने फुंकणे. हा वेळ घरातल्या स्त्रियांचा होता. तो धूरही त्यांच्याच डोळ्यांत आणि छातीत गेला. बाभळीजवळून उठून दुसरे काम करता येते. पांगाऱ्याजवळ बसूनच राहावे लागते. स्वस्त लाकडाला महाग माणूस लागतो, आणि ते माणूस फुकट मिळते असे आपल्या समाजाने धरून ठेवले होते.

हे कोणाच्या ध्यानी आलेच नाही असे मात्र नाही. गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यात मगनवाडी येथे ग्रामोद्योगाचे कार्य सुरू झाले. तेथे १९४७ च्या सुमारास निर्धूर ‘मगनचुला’ तयार झाला. १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली मातीची चूल सिद्ध करून कोट्यवधी गृहिणींसाठी निर्धूर स्वयंपाकघराचा पुरस्कार केला. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया किती धूर घेतात याचे मोजमाप प्रसिद्ध केले, तेव्हा शहरांतल्या सर्वाधिक दूषित हवेपेक्षाही चुलीपुढची हवा वाईट असल्याचे आकड्यांनी सिद्ध झाले. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ मध्ये तो गुंडाळला. कोट्यवधी चुली बसल्याची नोंद झाली. त्यांतल्या पुष्कळ दुरुस्तीअभावी बंद पडल्या. चूल बसविणे मोजले जाते, ती पाच वर्षांनी पेटते की नाही हे मोजले जात नाही, हा सरकारी कामाचा जुना दोष आम्हां निवृत्त मंडळींना अपरिचित नाही.

शहरांतल्या मराठी घरांतून चूल हळूहळू हटली. आधी कोळशाची आणि भुशाची शेगडी आली, मग रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅस. स्वयंपाकाच्या गॅसची विक्री मुंबईत १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाली, पण आपल्या गावांत तो सर्रास होण्यास आणखी दोन-तीन दशके लागली. बंब सर्वांत शेवटी गेला. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ५८.६ टक्के आढळले. म्हणजे तेव्हाही देशातली शंभरांतली एक्केचाळीस घरे लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाटी यांवरच होती. ज्या गोष्टीला आपण इतिहास म्हणून हात जोडतो, ती दुसऱ्या कोणाच्या घरची आजची सकाळ आहे.

चूल गेली आणि परसातले लाकूड एकदम कचरा ठरले. ज्या फांदीसाठी जावा-जावांत कुरबुर होत असे, ती आता छाटल्यावर कोठे टाकावी हा प्रश्न झाला. परस गेले ते वेगळेच. वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या आणि शेवगा सोसायटीच्या कुंपणाबाहेर गेला. पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेविषयी अहवाल दिला, तेव्हा दाट वस्तीत सरसकट पाडापाड न करता मोकळ्या जागा साफ करून तेथे झाडे आणि बागा वाढवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्या अहवालाची आठवण नगररचनेच्या अभ्यासकांना आहे, परसांची आठवण फारशी कोणाला नाही. तरीही चक्र पूर्ण थांबलेले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंदुरात ओल्या कचऱ्यापासून जैववायू करणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. २०२५ मध्ये बिचोली हप्सी येथे फांद्या आणि पालापाचोळा यांपासून कोळशाऐवजी वापरावयाच्या इंधनगोळ्या करण्याचा प्रकल्प जाहीर झाला. म्हणजे बागेतले पोचट लाकूड वाळवून, चुरून, दाबून पुन्हा आगीतच जाणार आहे. वाळविण्याचे आणि फोडण्याचे जे काम बायकांचे हात करीत, ते यंत्र करील. धूर कोणाच्या डोळ्यांत न जाता धुराड्याने जाईल. दाबल्याने घनता वाढते, म्हणून पोचटपणाचा मुख्य दोषही जातो. हॉवर्ड आणि वाड यांच्या गावात हे घडावे यात औचित्य आहे. राख मात्र जमिनीकडे परत जाते की नाही, हे पाहावे लागेल.

मग या साऱ्यातून जपावे काय? चूल नव्हे. धुराने लाल झालेले डोळे हा काही संस्कृतीचा ठेवा नव्हे. जपावा तो विवेक: कोणते झाड कधी छाटावे, कोणती फांदी कुजवावी, कोणती जाळावी, राखेचे काय करावे. आणि जपावी ती नोंद. जुन्या मराठी घरांतून घरखर्चाच्या वह्या अजून सापडतात. त्यांत टालीवरून आणलेल्या लाकडाचे मण आणि रुपये मोजून लिहिलेले असतात. परसातल्या लाकडाची ओळ त्यांत नसते, कारण त्याला पैसा पडला नव्हता. आज्ञापत्रकारांनी आंब्या-फणसाच्या बाबतीत वाढविणाऱ्याच्या कष्टांचे मोल ओळखले होते. आपल्याच घरातल्या, फांदी वाळवून तिचे सरपण करणाऱ्या हातांचे मोल आपण वहीत धरले नाही. ज्या स्त्रियांनी हा संसार केला, त्यांतल्या ज्या आज हयात आहेत त्या ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. बंबात काय घालत, पावसाळ्यात पेटवण कोठे ठेवीत, कोणत्या झाडाचा धूर सोसत नसे, हे त्यांना अजून नेमके सांगता येते. वाचकांनी आपापल्या घरी त्यांच्याजवळ बसून हे विचारावे, झाडांची नावे त्यांच्या बोलीतच लिहून घ्यावीत आणि ती टिपणे आपल्या मंडळाकडे धाडावीत. टालीचा हिशेब वह्यांत सुरक्षित आहे. परसाचा लिहून घेण्यास फार दिवस उरलेले नाहीत.